राखेचा बुधवार आणि रमजानचा चंद्र

१८ फेब्रुवारी २०२६, बुधवारची संध्याकाळ. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलींपैकी एक कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आली. ती बेळगावच्या कॅम्पातली, कॅथलिक घरातली. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं गणितात लक्ष नव्हतं. घरची सगळी मंडळी गच्चीवर चंद्र बघायला चढणार होती आणि तिला वेळेत पोचायचं होतं. चंद्र दिसला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरी रोजे सुरू झाले. तिसरी मुलगी शहापूरची, एकादशी-चतुर्थी पाळणाऱ्या घरातली. ती दोघींकडे बघत म्हणाली, "बाई, ह्या दोघींचे उपवास एकदम कसे काय लागले? ठरवून धरलेत की काय?"

मी त्या दिवशी तिला अर्धंमुर्धं उत्तर दिलं. पूर्ण उत्तर द्यायचं तर तारखांपासून सुरू करून पार अब्राहामापर्यंत मागं जावं लागतं. तेच इथं करते आहे.

रमजान हा इस्लामी वर्षाचा नववा महिना. हे वर्ष निव्वळ चंद्रावर चालतं, म्हणजे बारा चांद्रमास आणि सुमारे ३५४ दिवस. आपलं पंचांगसुद्धा चंद्रावरच महिने मोजतं, पण सण ऋतू सोडून पळू नयेत म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी त्यात एक अधिक महिना घालतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. म्हणून तर गणपती कधी उन्हाळ्यात येत नाही. इस्लामी पंचांगात अशी भर घालायला कुराणाच्या नवव्या सुऱ्यातच, म्हणजे अध्यायातच, मनाई आहे. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. साठी ओलांडलेल्या माणसानं मे महिन्यातल्या तहानेचे रोजेही धरलेले असतात आणि डिसेंबरच्या गारठ्यातलेही.

ख्रिस्ती उपवासकाळाचं गणित वेगळं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. ईस्टरच्या ४६ दिवस आधीचा बुधवार तो राखेचा बुधवार, आणि तिथून हा उपवासकाळ, म्हणजे लेंट, सुरू. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा, आनंदाचा दिवस, म्हणून तो उपवासात धरत नाहीत. मधले सहा रविवार वजा केले की उरतात ४०. खानापूर भागातले कोंकणी बोलणारे कॅथलिक ह्या काळाला ज्या नावानं ओळखतात, ते पोर्तुगीजमार्गे लॅटिनमधल्या चाळीस ह्या आकड्यावरूनच आलेलं आहे. राखेचा बुधवारही पुढं-मागं होतो, पण ४ फेब्रुवारी ते १० मार्च ह्या पट्ट्याबाहेर जात नाही.

म्हणजे एक उपवास जागच्या जागी झोके घेणारा आणि दुसरा वर्षभर गोल फिरणारा. फिरणारा ह्या पट्ट्यात आला की काही वर्षं दोघांची गाठ पडते. २०२५ मध्ये भारतात रमजान २ मार्चला लागला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला होता. २०२६ चं वर सांगितलंच. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे आणि रमजानही त्याच आठवड्यात लागतो. त्यानंतर रमजान जानेवारीत शिरेल आणि दोन्ही पुन्हा पांगतील. एकदम उपवास लागण्याचं कारण एवढंच, ते चंद्रानं घडवलेलं आहे.

पण मुळात दोघींकडे महिना-दीड महिन्याचा उपवास का आहे, हा खरा प्रश्न. तो चंद्रानं सुटत नाही.

दोन्ही धर्म आपलं मूळ एकाच माणसाशी नेऊन जोडतात. मराठी बायबलात तो अब्राहाम, मुस्लिम घरांत हजरत इब्राहीम. ख्रिस्ती परंपरा त्याच्या इसहाक ह्या मुलाच्या वंशातून येते, इस्लामचे पैगंबर इस्माईल ह्या मुलाच्या वंशातले मानले जातात. त्यामुळे दोन्हीकडची नावं शेजारी ठेवली की चुलत घराण्यासारखी ओळख पटते: मोशे आणि मूसा, दावीद आणि दाऊद, योसेफ आणि युसूफ, योना आणि युनूस, बाप्तिस्मा करणारा योहान आणि यह्या, मरिया आणि मरियम, येशू आणि ईसा, गब्रिएल देवदूत आणि जिब्रईल. बेळगावच्या कॅम्पात एका बोळात जोसेफ आणि पुढच्या बोळात युसूफ राहत असेल, तर दोघांच्या आयांनी एकाच माणसाचं नाव मुलाला ठेवलेलं आहे. भावांनी विहिरीत टाकलेला आणि पुढं मिसर देशात मोठ्या हुद्द्याला चढलेला तो मुलगा दोन्ही ग्रंथांत आहे.

कुराण स्वतःला अगदी नव्यानं सुरू झालेला धर्म म्हणवत नाही. आधीच्या लोकांना तौरात (मोशेचा ग्रंथ), जबूर (दावीदाची स्तोत्रं) आणि इंजील (येशूचं शुभवर्तमान) मिळाली असं ते सांगतं. रोज्याची आज्ञा दुसऱ्या सुऱ्यात येते तीसुद्धा अशा शब्दांत, की तुमच्या आधीच्या लोकांवर उपवास जसा बंधनकारक केला होता तसाच तुमच्यावरही केला आहे. नातं बाहेरच्या अभ्यासकांनी जोडून दिलेलं नाही, आज्ञेच्या वाक्यातच ते आहे.

मराठीत हे नातं आपल्याला चटकन दिसत नाही, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. आपण म्हणतो 'रोजा' आणि 'नमाज'. हे दोन्ही शब्द अरबी नाहीत, फारसी आहेत. इराणमार्गे दख्खनेत आलेले. 'रोजा' हा दिवस ह्या अर्थाच्या 'रोज' वरून आला, जो आपण रोज वापरतो. 'नमाज' तर संस्कृत 'नमस्' चा सख्खा भाऊबंद. नमस्कार आणि नमाज एकाच मुळाचे. हे फारसी पांघरूण बाजूला केलं की खाली अरबी शब्द सापडतात: उपवासाला 'सौम' आणि प्रार्थनेला 'सलात'. आता सिरियाक भाषा बघा. ही येशूच्या अरामी भाषेची बहीण, आणि केरळातले सिरियन ख्रिस्ती आजही उपासनेत ती वापरतात. तिच्यात उपवासाला 'सौमो' आणि प्रार्थनेला 'स्लूथो' म्हणतात. शब्दच सांगतात की ह्या गोष्टी एकाच परसातल्या. आणि केरळात गंमत पुढं जाते. मल्याळममध्ये लेंटचा उपवास तो 'नोंबु' आणि रमजानचा रोजा तोही 'नोंबु'. दोघांना शब्द एकच पुरतो.

आता उपवास प्रत्यक्ष कसा असतो ते. मुस्लिम घरात पहाट फुटण्याआधी सहरी, मग सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. फेब्रुवारीत आपल्याकडे हा रोजा तेरा तासांच्या आसपास भरतो. आजारी, प्रवासी, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया ह्यांना सूट आहे आणि सुटलेले रोजे पुढं भरून काढता येतात. कॅथलिकांमध्ये नियमानं बांधलेले उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. १८ ते ५९ वयाच्या माणसांनी त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं. लेंटच्या सगळ्या शुक्रवारी मांस वर्ज्य. बाकीचे दिवस ज्यानं त्यानं आपलं ठरवायचं: कोणी चाळीस दिवस मटण-मासे सोडतं, कोणी दारू, माझी विद्यार्थिनी गोड सोडते. मेथॉडिस्ट आणि इतर प्रोटेस्टंट मंडळींत सक्ती नाही, उपवास आपापल्या मनाचा. म्हणून कुणी 'रोजा कडक आणि लेंट सोपं' असं म्हणालं की मला ते पटत नाही. केरळातले सिरियन ख्रिस्ती पन्नास दिवस मांस, मासे, अंडी आणि दूध वर्ज्य करून बसतात. एका धर्माच्या आतच इतक्या तऱ्हा आहेत.

आणि दोन्हीच्या मुळाशी एकांत आहे. येशू चाळीस दिवस रानात उपाशी राहिला, त्या आठवणीचं लेंट. मक्केजवळच्या हिरा गुहेत एकांतात बसलेल्या मुहम्मद पैगंबरांवर कुराण उतरायला लागलं, त्या महिन्याचे रोजे. आज इफ्तारच्या वेळी खडेबाजारात खांद्याला खांदा लागतो आणि गुड फ्रायडेला चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते, पण सुरुवात एका एकट्या माणसापासून झाली.

इथवरचं साम्य पुष्कळ जण सांगतात. मला त्या मुलींना सांगायचं होतं ते ह्याच्या पुढचं आहे.

बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आहे. त्यात येशू तीन गोष्टींबद्दल ओळीनं बोलतो: दान, प्रार्थना, उपवास. इस्लामचे पाच स्तंभ मांडले तर त्यांतले तीन हेच आहेत: जकात, नमाज, रोजा. पण येशू ह्या गोष्टी करा एवढंच सांगून थांबत नाही. करताना काय होऊ शकतं त्याची त्याला चिंता आहे. दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. प्रार्थना खोलीत जाऊन दार लावून करा. उपवास असेल तेव्हा तोंड उतरवून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे उपवास आहे हे लोकांना दिसणार नाही.

आता इस्लामकडे या. बुखारीच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, एक वचन आहे, की कयामतच्या दिवशी सात प्रकारच्या माणसांना अल्लाहची सावली मिळेल. त्यांत एक कोण? ज्यानं असं गुपचूप दान दिलं की त्याच्या उजव्या हातानं काय दिलं ते डाव्याला कळलं नाही. तीच उपमा, तेच दोन हात. कुराणाचा १०७ वा सुरा, माऊन, जेमतेम सात ओळींचा आहे. नमाज पढणाऱ्यांनाच तो खडसावतो: जे दाखवण्यासाठी पढतात आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही देत नाहीत, त्यांचा नाश असो. ह्या दाखवण्याला अरबीत 'रिया' म्हणतात. आणि रोज्याबद्दल हदीस म्हणते की रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचं फळ मीच देईन, असं अल्लाह सांगतो. आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, ह्याचं एक स्पष्टीकरण असं दिलं आहे, की नमाज दिसते, दान दिसतं, हजला गेलेला दिसतो, पण दार लावून कुणी घोटभर पाणी प्यालं की नाही हे अल्लाहशिवाय कुणाला कळणार?

म्हणजे समान आहे ती नुसती कृती नाही. समान आहे ती कृतीबद्दलची भीती. चांगलं काम चारचौघांत करायला लावणारा धर्म त्याच श्वासात विचारतो, की हे कुणाला दाखवायला केलंस? राखेच्या बुधवारी कॅथलिक चर्चमध्ये वाचतात तो उतारा नेमका हाच, मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला. एकीकडे कपाळावर सगळ्यांना दिसेल अशी राख लावायची आणि दुसरीकडे 'उपवास लोकांना दिसू देऊ नका' हे वाचून दाखवायचं. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला हे उलटसुलट वाटलं. आता वाटत नाही. राख लावताना माणसाला सांगतात की तू माती आहेस आणि मातीत परत जाणार आहेस. त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

दानाबद्दल बोलताना आपल्या मराठी माणसाची एक अडचण होते. 'जकात' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो जकात नाका: गावाच्या वेशीवरचा बांबू आणि खोळंबलेले ट्रक. शब्द तोच आहे. मुसलमानी राज्यांच्या कारभारातून तो करासाठी रूढ झाला आणि मूळ अर्थ मागं पडला. अरबीत त्या धातूचा अर्थ शुद्ध होणं आणि वाढणं असा आहे. धर्मातली जकात म्हणजे ठरावीक मर्यादेवरची शिल्लक वर्षभर जवळ राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा, शेकडा अडीच, गरिबांना. ही उत्पन्नावर नाही, साठलेल्यावर. बायबलातला 'दशांश' उत्पन्नाचा दहावा भाग. आकडे वेगळे, पण विचार एक: जवळ आहे त्यातला एक वाटा मुळात आपला नव्हताच. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या बाळामागेसुद्धा, फितरा, म्हणजे गरिबांसाठीचं दान, काढावा लागतो. का, तर ईदच्या दिवशी कुणाच्या घरची चूल विझलेली राहू नये.

प्रार्थनेतला एक शब्द तर आपल्या अगदी ओळखीचा आहे. ख्रिस्ती प्रार्थना 'आमेन' वर संपते. नमाजमध्ये फातिहा संपली की 'आमीन' म्हणतात. हिब्रू आणि अरबी ह्या बहिणी-बहिणी. अलिफ, मीम, नून ह्या तीन अक्षरांच्या मुळाचा अर्थ भरवसा, खात्री. त्याच मुळातून अरबीत 'ईमान' झालं, आणि तेच आपलं इमान. इमानदार, बेइमान, 'इमानेइतबारे' हे सगळे शब्द आपण देवाधर्माचा विचार न करता वापरतो. शेतात राबलेल्या माणसाला इमानदार म्हणताना आपण अर्धं आमेन म्हटलेलं असतं.

फातिहा म्हणजे कुराणाचा पहिला सुरा, सात आयतींचा. दिवसाच्या पाच नमाजांत सक्तीच्या सतरा रकाती (नमाजाची आवर्तनं) होतात, म्हणजे ती दिवसातून निदान सतरा वेळा म्हटली जाते. ख्रिस्ती लोकांची 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थनाही तेवढीच लहान आणि तितकीच तोंडात बसलेली. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांना ती दिवसातून तीन वेळा म्हणायला सांगितलेलं होतं. दोन्ही प्रार्थना आधी देवाची थोरवी सांगतात, मग मागणं मागतात. एक सरळ मार्ग मागते, दुसरी रोजची भाकर आणि क्षमा. पण पहिल्याच ओळीत वाट फुटते. 'पित्या' हा शब्द मुसलमान अल्लाहसाठी वापरत नाही. अल्लाह कुणाचा बाप नाही आणि कुणाचा मुलगा नाही, ही इस्लामची गाभ्याची शिकवण आहे.

सजदा, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवणं, हे आपल्याला फक्त मशिदीतलं वाटतं. तसं नाही. अटक व्हायच्या रात्री येशूनं बागेत 'पालथे पडून' प्रार्थना केली असं मत्तय लिहितो. सिरियन ख्रिस्ती लेंटमध्ये आजही जमिनीला कपाळ टेकतात. माळही दोघांकडे आहे. मुसलमानांच्या तसबीहचे मणी ३३ किंवा ९९, कॅथलिक रोझरीचे ५९, आपल्या जपमाळेचे १०८. खानापूरकडे संध्याकाळी घरच्या देवघरासमोर म्हणतात ते 'तेर्स' ती हीच माळ. प्रोटेस्टंट मंडळी माळ धरत नाहीत, आणि मुसलमानांमध्येही बोटांच्या पेरांवर मोजणं जास्त चांगलं मानणारे आहेत.

असंच संतांचं. दर्ग्यावर चादर चढवावी का, पवित्र मारियेच्या गुहेपुढं मेणबत्ती लावून नवस बोलावा का, ह्यावर मुसलमान आणि ख्रिस्ती एकमेकांशी भांडत नाहीत. हा वाद मुसलमानांचा मुसलमानांशी आणि ख्रिस्त्यांचा ख्रिस्त्यांशी आहे. आपल्या सीमाभागात तर दोन्ही ठिकाणी नारळ-फुलं घेऊन येणारे तिसरेच असतात. आमच्याकडे गावच्या जत्रेलासुद्धा 'उरूस' म्हणतात, ते उगाच नाही.

मरियमबद्दल मात्र मला थांबून लिहायचं आहे, कारण हे ऐकून मराठी वाचक हमखास चकित होतो. कुराणाच्या एका सुऱ्याचं नावच मरियम आहे, १९ वा. संपूर्ण कुराणात नावानं उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री. येशूचा जन्म पुरुषसंबंधावाचून, कुमारिकेच्या पोटी झाला, हे ख्रिस्ती मानतात तसं मुसलमानही मानतात. जिब्रईल तिला निरोप सांगायला येतो तो प्रसंग दोन्हीकडे आहे. कॅथलिक चर्चमध्ये सकाळ, दुपार, संध्याकाळ घंटा वाजवायची जी जुनी रीत आहे, ती ह्याच निरोपाच्या आठवणीची. कुराणात पुढं एक प्रसंग येतो तो बायबलात नाही. कळा सुरू झालेली मरियम एकटीच खजुरीच्या बुंध्याशी येते आणि म्हणते, ह्याआधीच मेले असते तर बरं होतं. तेव्हा खालून आवाज येतो: दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा आहे, बुंधा हलव, ताजा खजूर पडेल, खा, पी आणि डोळे निवव. कळा सोसणाऱ्या बाईला देव आधी खायला-प्यायला सांगतो. कुठल्याही बाळंतिणीच्या उशाशी बसलेल्या बाईला ही ओळ समजावून सांगावी लागणार नाही.

ह्याच सुऱ्यानं एकदा माणसं वाचवली. साधारण इसवी सन ६१५. मक्केत छळ होऊ लागला तेव्हा पैगंबरांनी आपल्या काही अनुयायांना समुद्रापलीकडे हबशांच्या ख्रिस्ती राजाकडे पाठवलं. मक्केचे लोक त्यांना परत मागायला मागोमाग गेले. राजानं विचारलं, तुमचा धर्म काय सांगतो? जाफर नावाच्या पैगंबरांच्या चुलतभावानं मरियमच्या सुऱ्यातला भाग म्हणून दाखवला. पैगंबरांच्या जुन्या चरित्रांत लिहिलं आहे की राजा रडला आणि त्यानं त्या लोकांना परत द्यायला नकार दिला. पुढं मदिनेत दक्षिण अरबस्तानातल्या नजरानचे ख्रिस्ती चर्चेला आले, त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली, तेव्हा पैगंबरांनी त्यांना आपल्या मशिदीतच पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करू दिली, हेही त्याच चरित्रांत आहे. चर्चेत दोन्ही बाजूंचं एकमत झालं नाही. तरी प्रार्थना झाली.

एकमत होणारही नव्हतं, कारण फरक खरे आहेत आणि ते झाकणं दोघांवरही अन्याय करणारं आहे. ख्रिस्ती माणसासाठी येशू हा देवाचा पुत्र. तो क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, ह्यावर सगळं उभं आहे. मुसलमानासाठी ईसा मोठे पैगंबर, मसीहा, शेवटच्या काळात परत येणारे, पण देव नव्हेत. आणि कुराणाच्या चौथ्या सुऱ्यानुसार त्यांना क्रुसावर मारलं गेलंच नाही. म्हणजे चाळीस दिवस ज्या गुड फ्रायडेकडे चालत जायचं, ती घटनाच दुसऱ्याला मान्य नाही. प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसासारखं इस्लाममध्ये काही नाही. मुसलमानाला पापाची कबुली देण्यासाठी फादर लागत नाही, तौबा थेट अल्लाहकडे. सुंता अब्राहामापासूनची. येशूचीही आठव्या दिवशी झाली असं लूक लिहितो, पण पहिल्याच शतकात ख्रिस्ती मंडळीनं इतर देशांच्या लोकांवरची तिची सक्ती काढून टाकली.

आपल्या भागात हे दोन्ही शेजारी नवखे नाहीत. बहमनी वजीर महमूद गावानानं पंधराव्या शतकात बेळगावचा किल्ला घेतला. त्याच किल्ल्यात जैनांची कमल बस्ती आहे आणि सफा मशीदही आहे. लंडन मिशनरी सोसायटीचं काम इथं १८२० मध्ये सुरू झालं. मराठी ख्रिस्ती लेखकांतले आद्य पुरुष बाबा पद्मनजी १८३१ मध्ये बेळगावातच जन्मले. खानापूरच्या पलीकडे हल्याळच्या जंगलपट्टीत तर माझ्या मते सगळ्यांत शिकण्यासारखं उदाहरण आहे. तिथं सिद्दी समाज राहतो. पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, पुष्कळसे गोव्यातून पळून रानात शिरलेले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. कुणी रोजे धरतं, कुणी लेंट पाळतं. पण 'हिरियारू', म्हणजे थोरले, गेलेले पूर्वज, ह्यांचा मान तिन्हींकडे आहे आणि दमाम हा त्यांचा ढोल वाजला की पाय सगळ्यांचे उठतात.

मरणाबद्दल थोडंच सांगते. दोघंही पुरतात. मुसलमानांमध्ये न्हाऊ घालून शिलाई नसलेल्या कफनात, तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, करून. ख्रिस्ती लोकांमध्ये पेटीत. दोघंही मूठभर माती टाकतात. मुसलमान तीन वेळा, आणि तेव्हा म्हणायच्या आयतीचा अर्थ असा: हिच्यातूनच तुम्हाला घडवलं, हिच्यातच परत नेऊ, हिच्यातूनच पुन्हा उठवू. राखेच्या बुधवारी कपाळावर लावताना ऐकलेलं वाक्य आठवून बघा. आमच्याकडे कुणाच्याही अंत्यविधीला 'मातीला जाऊन आलो' असंच म्हणतात, जाळलं असलं तरी. शेजारचे लिंगायत पुरतात, बसलेल्या स्थितीत. इथं ह्या शब्दाचं कुणाला नवल वाटत नाही. २ नोव्हेंबरला ख्रिस्ती कबरी झाडून मेणबत्त्या लावतात, शबे-बरातच्या रात्री पुष्कळ मुसलमान कबरस्तानात जाऊन दुवा मागतात.

१९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं कॅथलिक चर्चच्या वतीनं मुसलमानांबद्दल आदर लिहून ठेवला. ते एका देवाची भक्ती करतात, मरियेचा मान राखतात, आणि प्रार्थना, दान, उपवास ह्यांतून देवाला भजतात, असं त्यात आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले तेच तीन शब्द.

२१ मार्चला ईद झाली. शनिवार होता. दुपारी मुस्लिम मुलगी शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली, दोघींसाठी आणि माझ्यासाठी. शहापूरच्या पोरीनं लगेच वाटी पुढं केली. कॅथलिक मुलगी नुसती डब्याकडे बघत राहिली. तिनं ईस्टरपर्यंत गोड सोडलं होतं आणि ईस्टर ५ एप्रिलला होता. डबा आणणारीचा चेहरा पडला. मी काही बोलायच्या आत शहापूरची पोर वाटी चाटत म्हणाली, "अगं, उद्या रविवार नव्हं का? रविवार धरत नाहीत. फ्रिजात ठेव की, उद्या खा."